मत्स्यपेटीतील शेजार

पार्से येथील आमच्या घरी माशांची एक काचेची पेटी आहे. तीत आम्ही स्यूडेट्रोप्लस मॅक्युलॅटस् ह्या जातीचे पिवळे जोडपे पाळले. ही मासळी आपल्या परिचयाच्या कालुंदराची धाकटी बहीणच. लांबी सुमारे ८ सेंटिमीटर, स्वभाव शांत.

पेटी भरलेली दिसावी, या हौसेने आम्ही बाजारातून पट्टेरी बार्ब आणून सोडले. आठ दिवसांत जोडप्याचे पर कुरतडले गेले. नर व मादी ज्या अंड्यांना आळीपाळीने वारा घालीत होती, तीही नाहीशी झाली.

दोष बार्बांचा नव्हे, आमचा. आम्ही रंग पाहिला. पाणी व स्वभाव पाहिला नाही. ही मासळी खाडीच्या मचूळ पाण्यातही नांदते. बार्ब गोड्या पाण्याचे, आणि इतरांचे पर टोचण्याची त्यांना खोड. पुढे आम्ही मचूळ पाणी मानवणारे शांत मॉली आणले. तोंडात मावतील असे बारीक मासे टाळले. विणीच्या काळात हे शांत जोडपेही शेजाऱ्यांस हाकलते, म्हणून ऐसपैस पेटीत दगडांचे आडोसे केले.

यंदा पिल्ले वाचली. आईबापांच्या अंगावरील चिकट स्राव टिपीत ती त्यांना बिलगून फिरतात, आणि आम्ही दिवेलागणीपर्यंत पाहत बसतो.