चाकांवरचं घर आणि परिमाणाचं व्रत



येत्या जूनमध्ये आम्ही दोघं अमेरिकेला मुलाकडे जाणार आहोत. तो सॉल्ट लेक सिटीत असतो. तिथून सुमारे सव्वातीनशे मैलांवर यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान आहे. आरव्ही भाड्याने घेऊन सगळ्यांनी मिळून तिकडे जायचं असं मुलाच्या मनात कधीपासूनचं आहे. गेले तीन महिने रोज रात्री आमची फोनवर तीच चर्चा चालू असते. आपल्यातल्या बऱ्याच जणींची मुलं तिकडे आहेत आणि असा प्रवास कधी ना कधी तुमच्याही वाट्याला येईल, म्हणून आमचं काय काय ठरलं ते लिहिते.

आरव्ही म्हणजे आत स्वयंपाकघर, पलंग, फ्रीज, न्हाणी आणि संडास असलेली मोटार. ऐकायला नवलाईचं वाटतं, पण आपल्याला चाकांवरचा संसार नवा नाही. १९९३ साली श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेकाला आम्ही यात्रा बसने गेलो होतो. टपावर गाद्यांच्या वळकट्या आणि मोठी पातेली, डिकीत शेगडी न् पीठ-डाळी, सोबत आचारी. दिवस मावळायच्या आत जिथे विहीर आणि सावली दिसेल तिथे बस थांबायची, पाणी गाळलं जायचं, पंगत उठायची. आरव्ही तीच गोष्ट, फक्त आचारी आपणच!

त्याच यात्रेत मी रात्रीभोजन-त्यागाचा नियम घेतला, तो आजवर पाळते आहे. आमची चर्चा पहिल्यांदा अडली ती इथेच. मुलगा म्हणाला, "आई, दहा दिवसांचाच तर प्रश्न आहे. प्रवासात सूट असतेच ना. गाडी कधी उशिरा पोचली तर तू उपाशी राहणार, आणि मग आमच्याही घशाखाली घास उतरणार नाही." त्याच्या बोलण्यात माया होती, म्हणून मला राग आला नाही. पण उत्तर देणं भाग होतं. मी म्हटलं, "बाळा, नियम माझ्या देगलूरच्या स्वयंपाकघरातच टिकत असेल तर तो नियम कसला, ती सोय झाली. माझ्यामुळे तुमची सहल बिघडणार असेल तर मी घरी थांबते, नातीच्या पुस्तकांची आवराआवर करते. तुम्ही जाऊन या." फोन ठेवल्यावर आमचे हे बराच वेळ गप्प होते. ह्यांचं वय एकाहत्तर. नात नऊ वर्षांची झाली, आणि तिला आम्ही प्रत्यक्ष पाहिलं ते दोनदाच. ही संधी गेली तर पुन्हा केव्हा येईल, हे दोघांच्याही मनात होतं.

वाट सूनबाईने काढली. तिने दुसऱ्या दिवशी यलोस्टोनच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा पाठवल्या. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य सातच्या आत मावळतो. तिथे उत्तरेला असल्यामुळे तो रात्री नऊच्या सुमारास मावळतो आणि पहाटे पावणेसहाच्या आत उगवतो. दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटं, दोन्हीकडून सोडली तरी साडेसहापासून सव्वाआठपर्यंत दिवस आपलाच! तरी मी संध्याकाळचं जेवण सातला उरकायचं ठरवलं आहे. एक लक्षात ठेवा. डोंगराळ भागात सूर्य कड्याआड लवकर जातो, त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजाने घोटाळा होतो. त्या गावची छापील वेळ बघावी.

मग मी मुलाला एक अट घातली. सूर्यास्ताच्या दोन तास आधी गाडी मुक्कामाला लागली पाहिजे. ती त्याने लगेच मान्य केली, कारण अंधारात तिथे गवे आणि हरणं रस्त्यावर येतात आणि मोठी गाडी पटकन थांबत नाही. माझा नियम आणि ड्रायव्हरची सावधगिरी एकाच वेळेवर आली.

आता प्रश्न किती फिरायचं हा. मुलाच्या पहिल्या यादीत दहा दिवसांत पाच उद्यानं होती: झायन, ब्राइस कॅनियन, ग्रँड टेटन, यलोस्टोन आणि थेट कॅनडाच्या सीमेवरचं ग्लेशियर. मी बी.कॉम. झालेली बाई, वही काढली. सगळं मिळून अंतर दोन हजार मैलांच्या वर जात होतं. अशी गाडी एका गॅलनला आठ ते दहा मैल चालते, म्हणजे लिटरला चार किलोमीटरच्या आसपास. दोन हजार मैलांना जवळजवळ साडेआठशे लिटर इंधन! शिवाय भाडं दिवसाचं वेगळं आणि मैलाचं वेगळं लागतं. दिवसाचे सहा-सहा तास रस्त्यातच जाणार, मग बघायचं काय?

आपल्या गुणव्रतांत दिग्व्रत आहे. अमुक दिशेला अमुक ठिकाणापर्यंतच जाईन, अशी आपली आपण मर्यादा घालून घ्यायची. लहानपणी मला ते व्रत अजब वाटायचं. जग एवढं मोठं आणि आपण का थांबायचं? वहीतले आकडे बघताना त्याचा उपयोग कळला. आम्ही हद्द आखली: उत्तरेला यलोस्टोन आणि त्याला दक्षिणेकडून लागून असलेलं ग्रँड टेटन, बस्स. अंतर हजार मैलांच्या आत आलं आणि इंधन निम्मं झालं. १ मार्च १८७२ रोजी स्थापन झालेलं यलोस्टोन सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आपल्या नांदेड जिल्ह्याहून थोडंच लहान. त्यातला आठाच्या आकड्यासारखा मुख्य रस्ताच १४२ मैलांचा. एवढा एक जिल्हा नीट बघायला दहा दिवस काही जास्त नाहीत.

त्यानंतर गाडीचा आकार. मुलाने बत्तीस फुटी गाडी पसंत केली होती, आई-बाबांना वेगळी खोली मिळावी म्हणून. पण ही उद्यानं जुनी आहेत आणि त्यांचे रस्ते जुन्या लहान मोटारींसाठी बांधलेले. ग्लेशियरच्या घाटरस्त्याच्या मधल्या टप्प्यात २१ फुटांहून लांब गाडीला मनाई आहे. झायनमधला १९३० सालचा बोगदा असा अरुंद, की मोठी गाडी आली की समोरची वाहतूक थांबवून तिला मधोमध सोडावं लागायचं. २०२६ च्या मध्यापासून तर मोठ्या गाड्यांनी दुसऱ्या रस्त्याने वळसा घ्यावा असं ठरवलं आहे. यलोस्टोनचे रस्ते रुंद आहेत, पण तिथेही तीस फुटांपुढच्या गाडीला मुक्कामाच्या जागा मोजक्याच. त्यात एक गंमत अशी, की गरम पाण्याचं कुंड बघायला निघालं की सगळं घरच घेऊन निघावं लागतं. भांडी बंद कपाटात, नळी-वायर काढून गुंडाळलेली, गॅस बंद. शिवाय दुपारी वाहनतळ भरलेले असतात. शेवटी पंचवीस फुटी घेतली. पाच माणसं, पाच पट्ट्यांच्या जागा, पाच झोपायच्या जागा. नात जेवणाचं टेबल मोडून होणाऱ्या पलंगावर झोपणार म्हणून आत्तापासून खूश आहे.

मुक्कामाच्या जागा कित्येक महिने आधी राखून ठेवाव्या लागतात, हे मात्र विसरू नका. तारखा पक्क्या करतानाच गाडीची लांबी सांगावी लागते. संपूर्ण यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या असलेलं ठिकाण एकच, फिशिंग ब्रिज. तिथे अस्वलांचा वावर असल्यामुळे तंबू चालत नाहीत, टणक भिंतींची गाडीच लागते. आम्हाला तिथे तीनच रात्री मिळाल्या. बाकीच्या रात्री साध्या जागेत, टाकीतल्या पाण्यावर.

टाकी साधारण चाळीस गॅलनची, म्हणजे दीडशे लिटर. पाच माणसांनी दोन दिवस पुरवायचं, तर माणशी रोजचं पंधरा लिटर. मुलाला काळजी वाटली, मला हसू आलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या शेजारी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात आपण सगळ्यांनीच तांब्यावर आंघोळी केल्या आहेत! ताटं आधी कागदाने पुसून मग धुवायची, म्हणजे पाणी कमी लागतं आणि सांडपाण्याची टाकीही लवकर भरत नाही. ती टाकी ठरलेल्या जागीच रिकामी करायची असते. पिण्याचं पाणी भरायची नळी वेगळी ठेवायची आणि गाळणं मी इथून नेणारच आहे, दुहेरी जाड सुती.

आता आपला प्रांत, स्वयंपाक. इथून येसर, मेतकूट, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, मुगाचे सांडगे आणि भाजलेला रवा नेणार. विमानतळावर खाण्याचे पदार्थ आहेत असं स्पष्ट सांगायचं. तांदूळ आणि हरभरे मात्र इथून नेऊ नका. खापरा नावाच्या किडीच्या भीतीने प्रवाशांना ते नेऊ देत नाहीत. तिकडे भारतीय दुकानात सगळं मिळतं. गाडीत बसायच्या आदल्या दिवशी दशम्या आणि धपाटे करून घ्यायचे. वाटेत पाव घ्यायची वेळ आली तर घटक वाचा, पुष्कळदा त्यात मध असतो. आणि तिथली मुलं शेकोटीवर मार्शमेलो भाजून खातात ना, त्यात जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. नातीला मी हे फोनवर नीट समजावलं. तिने विचारलं, "मग आजी, आपण काय भाजायचं?" मक्याचं कणीस, असं ठरलंय, तेही गॅसवर.

शेकोटी आम्ही करणारच नाही. लाकडात किती जीव असतात ते आपल्याला माहीत आहे. तिथेही लांबून लाकूड आणू नका असं सांगतात, कारण त्यातून झाडांची कीड एका रानातून दुसऱ्या रानात जाते. निष्कारण घडणाऱ्या हिंसेला आपण अनर्थदंड म्हणतो. तिथले बरेच नियम वाचताना मला तोच शब्द आठवत राहिला. जनित्र ठरावीक वेळेतच चालवायचं. अस्वल-लांडग्यांपासून शंभर यार्ड आणि गव्यांपासून पंचवीस यार्ड लांब राहायचं. कुठल्याही प्राण्याला खाऊ घालायचं नाही, कारण माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला पुढे पुष्कळदा मारावं लागतं. आपला दयाभाव तिथे हात आवरण्यात आहे. मॉर्निंग ग्लोरी नावाचं एक निळंशार कुंड होतं. लोकांनी त्यात नाणी आणि कचरा टाकून टाकून त्याचे झरे बुजत गेले आणि रंगच पालटला. आपल्यालाही पाणी दिसलं की नाणं टाकायची सवय आहे. तिथे हात जोडावेत, नाणं पर्समध्ये राहू द्यावं.

ह्यांच्या तब्येतीचं म्हणाल, तर यलोस्टोनचं सरोवर सात हजार सातशे फुटांच्या आसपास उंचीवर आहे. धाप लागू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून घेतलं आणि पहिला दिवस नुसता विश्रांतीचा ठेवला. देगलूरच्या उन्हातून जाऊन तिथल्या रात्री गोठवणाऱ्या असतात, तेव्हा स्वेटर आणि कानटोप्या हव्यातच. देवदर्शन दहा दिवस घडणार नाही. सकाळी गाडीतच सामायिक आणि णमोकाराचा जप करणार. चातुर्मास बसायच्या आत घरी परतायचं, हे तिकिटं काढतानाच बघितलं.

परवा मुलगा म्हणाला, "आई, तू यायला हो म्हटलंस, पण सगळी सहलच आखडून टाकलीस." मी म्हटलं, वही उघड आणि बघ. अंतर निम्मं झालं, खर्च उतरला, रोज संध्याकाळी सातला पाचही जण एका टेबलाशी बसणार आहोत. नातीजवळ बसायला मला दहा संध्याकाळी मिळाल्या. मी तिकडे चालले आहे ती त्यासाठीच.

जय जिनेंद्र.