घरातील सर्वांत वयस्क डोळ्यांसाठी मॉनिटर

संगणकाचा मॉनिटर विकत घ्यायचा म्हटले, की ती जबाबदारी आपोआप धाकट्या पिढीकडे जाते. त्यांना त्यातले कळते, हे खरेच. परंतु त्या पडद्यासमोर केवळ तीच बसणार नसतात. हयातीचा दाखला, सातबाराचा उतारा, डॉक्टरांचा दूरस्थ सल्ला, परगावच्या मुलांची भेट, ही ज्येष्ठांची कामेही आता त्याच काचेवर होतात. म्हणून माझे सांगणे असे, की मॉनिटर निवडताना विचाराचा आरंभ घरातील सर्वांत वयस्क डोळ्यांपासून करावा. तरुणांचे त्यात फारसे काही बिघडत नाही.

आम्ही चंद्रपूरला राहतो. लेक आणि जावई नोकरीनिमित्त गडचिरोली जिल्ह्यात, अहेरीला असतात. नातू शिक्षणासाठी आमच्याकडे आहे. त्याला कोडिंगसाठी आणि सुट्टीत गेम खेळण्यासाठी मोठा मॉनिटर हवा होता. माझ्या यजमानांची नोकरी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात झाली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ते वर्तमानपत्र पूर्ववत वाचू लागले. पण लॅपटॉपसमोरून मात्र पाच मिनिटांत मान चोळीत उठत. “हे आमच्या वयाचे काम नव्हे,” असे म्हणून लेकीशी पडद्यावर बोलणेही त्यांनी माझ्यावर सोपवले. वृद्ध माणूस घरच्या बोलण्यातून असा हळूहळू बाजूला होऊ लागला, की त्याची काळजी चष्म्याच्या नंबराइतकीच घ्यायला हवी.

नेत्रतज्ज्ञांनी सांगितलेले कारण सोपे होते. शस्त्रक्रियेत बसवलेले साधे कृत्रिम भिंग बहुधा दूरचे स्पष्ट दाखवते. वाचनाचा चष्मा ३५ ते ४० सेंटीमीटरवरच्या कागदासाठी असतो. मॉनिटर मात्र ५० ते ७० सेंटीमीटरवर, म्हणजे दोहोंच्या मध्ये असतो. दुभंगी चष्म्याच्या खालच्या भागातून तो पाहू गेल्यास हनुवटी वर करावी लागते आणि मान आखडते. तेव्हा नेहमीच्या खुर्चीत बसून डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजा आणि तो आकडा डोळे तपासणाऱ्यांना सांगा. त्या अंतराचा निराळा चष्मा करून मिळतो. यजमानांनी तसा करून घेतला, आणि मगच आम्ही मॉनिटरकडे वळलो.

आता आकाराविषयी. २४ इंची, १९२० बाय १०८० बिंदूंचा मॉनिटर बहुतेक घरांना पुरतो आणि खिशालाही झेपतो. तेवढेच बिंदू २७ इंचांवर पसरले, की अक्षर मोठे होते, पण त्याच्या कडा भरड दिसतात. देवनागरीत हे विशेष जाणवते. अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे बारीक असतात. २७ इंच घ्यायचा असेल, तर २५६० बाय १४४० बिंदूंचा घ्यावा आणि संगणकाच्या सेटिंगमध्ये अक्षरे १२५ किंवा १५० टक्क्यांवर न्यावीत. आम्ही हाच घेतला. नातवाला कोडच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडता येतात आणि आजोबांना ठळक अक्षर मिळते. मात्र जास्त बिंदूंवर गेम खेळण्यासाठी संगणकाचे ग्राफिक्स कार्डही तितकेच समर्थ लागते.

पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नवे होते, ते हर्ट्झमध्ये सांगतात. वाचन, पत्रव्यवहार आणि कोडिंगला ६० हर्ट्झ पुरेसे आहेत. वेगवान खेळांना १२० किंवा १४४ बरे. त्याहून जास्तीच्या आकड्यापायी पैसे घालवण्यापेक्षा ते चांगल्या स्टँडवर खर्चावेत. स्टँड वरखाली होणारा आणि मागे कलणारा हवा, कारण एकाच टेबलाशी उंच नातू आणि दुभंगी चष्म्याचे आजोबा आळीपाळीने बसतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी; दुभंगी चष्मा असल्यास आणखी खाली. पॅनेल आयपीएस असले, तर शेजारी बसलेल्यालाही रंग नीट दिसतात. डॉक्टरांशी बोलताना रुग्ण आणि शुश्रूषा करणारा दोघेही पडद्यासमोर असतात. पृष्ठभाग चकचकीत नको, मॅट हवा. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याला मात्र भुलू नका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात त्यामुळे डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचे दिसले नाही.

आपल्या भागात उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला, की आपण खिडक्यांना पडदे ओढतो आणि कूलर लावतो. अंधाऱ्या खोलीत झगझगीत पडदा डोळ्यांना शिणवतो, म्हणून खोलीत मंद दिवा ठेवा आणि मॉनिटरची उजळता कमी करा. कूलरचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नका. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप आधीच मंदावलेली असते, त्यात वाऱ्याने डोळे अधिक कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फूट दूर पाहावे. वळवाचे वादळ आले, की मॉनिटरची पिन काढून ठेवावी.

एक सावधगिरी मात्र विसरू नका. सरळ रेषा वाकड्या दिसणे, नजरेसमोर अचानक काळा पडदा येणे, ठिणग्या चमकणे किंवा एकाएकी अंधुक दिसणे, हा मॉनिटरचा दोष नव्हे. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे. मधुमेह असणाऱ्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

आमच्याकडे लेकीचा फोन आता यजमान स्वतः घेतात, आणि अहेरीकडच्या पावसापाण्याची चौकशी मला मागे सारून करतात. आपणही दुकानात जाताना घरच्या ज्येष्ठांना सोबत न्या. त्यांना नेहमीच्या चष्म्यासह हातभर अंतरावर बसवा आणि पडद्यावर मराठी वर्तमानपत्राचे पान उघडायला सांगा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ त्यांनी मान न उचलता ओळखले, अनुस्वार सुटला नाही, तरच पैसे मोजा.