तीस रेघा आणि दहा रेघा

सरकारी कचेरीत टिपण्या लिहिण्यात बारा वर्षे गेली की माणसाला कोणतीही वस्तू सरळ दुकानात जाऊन विकत घेता येत नाही. अगोदर गरज सिद्ध करावी, मग तांत्रिक मूल्यमापनाचा लिफाफा उघडावा आणि त्यात जे उतरतील त्यांच्याच किमती पाहाव्यात, ही सवय हाडीमाशी खिळते. फुलफ्रेम मिररलेस कॅमेरा घ्यावयाचे मनात आले तेव्हा आम्ही प्रथम एक कोरा कागद घेतला, त्यावर उभ्या रेघा मारल्या आणि मथळा घातला, 'तुलनात्मक तक्ता'. आमच्या सौभाग्यवतींनी तो कागद पाहिला आणि म्हटले, "अहो, यात आपली वर्षाची शिल्लक जाईल, तोही रकाना घाला."

गरजेच्या रकान्यात लिहिण्यासारखे कारण एकच होते. आमची आई वाईला असते. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा मध्यभाग उतारवयाने झिजत चालला आहे. मोतीबिंदू असता तर डोळ्यात नवे भिंग बसविता आले असते. तिच्या विकारात गेलेली नजर परत येत नाही. सरळ समोर पाहावे तर मधोमध धूसर डाग, कडेचे तेवढे दिसते. (आम्ही ज्या मुलखात चाकरी करतो तिथल्या एका मराठी राजाला, तंजावरच्या सरफोजीमहाराजांना, डोळ्यांच्या विकारांचे मोठे कुतूहल होते. रुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढवून त्यांनी ठेवविलेल्या नोंदी सरस्वती महालात आहेत. ती चित्रे आठवली की आईच्या डोळ्यांचीच आठवण होते.) आमची कन्या सहा वर्षांची. मोबाइलच्या पडद्यावर आजीला तिचा चेहरा ओळखू येईनासा झाला. तेव्हा हातात धरण्याजोगे मोठे फोटो छापून पाठवावयाचे, आणि दिसते आहे तोवर पाठवावयाचे, असा हा मामला होता.

आता तांत्रिक लिफाफा. 'फुलफ्रेम' म्हणजे 36 गुणिले 24 मिलिमीटरचा संवेदक. हा आकार कोणी शास्त्रार्थ करून ठरविला असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो सिनेमाच्या फितीतून आला. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली विलायतेहून आणलेल्या कॅमेऱ्यात 35 मिलिमीटर रुंदीची फीत उभी धावे आणि तिच्यावर 18 गुणिले 24 चे चित्र उमटे. जर्मनीत ऑस्कार बार्नाक यांनी तीच फीत आडवी धरून दोन चित्रांची जागा एका चित्राला दिली. त्यातून निघालेला लायका कॅमेरा 1925 साली बाजारात आला. म्हणजे आजचे 'पूर्ण' ते फाळक्यांच्या चित्राच्या दुप्पट, एवढाच त्याचा अर्थ!

आरसा गेल्याने काय साधले, हा पुढचा रकाना. जुन्या निकॉनमध्ये भिंगाच्या बैठकीपासून फितीपर्यंत 46.5 मिलिमीटर अंतर ठेवावे लागे, कारण मध्ये आरसा हलावयाचा. 2018 साली आलेल्या त्यांच्या आरशाविना कॅमेऱ्यात ते 16 वर आले. मागचे काच संवेदकाच्या जवळ नेता येऊ लागल्याने भिंगे आखणाऱ्यांचे हात मोकळे झाले. मात्र पुष्कळशा नव्या भिंगांचे वाकडेपण आता काचेऐवजी गणिताने सरळ केले जाते. आम्हांला त्यात गैर वाटत नाही. आमच्या कचेरीतही मसुदा वाकडाच जातो आणि वरिष्ठांकडून सरळ होऊन येतो.

संवेदकाचा प्रश्न आम्ही लवकर निकालात काढला. बारा बाय अठरा इंचांचा फोटो, इंचाला 300 ठिपके या हिशेबाने, सुमारे 1 कोटी 94 लाख ठिपक्यांचा होतो. 24 मेगापिक्सेलचा जुना संवेदक पुरून उरतो. 45 च्या मोहात पडण्याचे कारण नाही. संवेदकाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे, कारण प्रकाश चौपट मिळाला की चित्रातली खरखर त्या मानाने निम्मी होते, आणि आमच्या घरात संध्याकाळी प्रकाश बेताचाच असतो. एक दोष तेवढा तपासून घ्यावा. साध्या संवेदकाला सगळे चित्र वाचून काढावयास सेकंदाचा दहावा ते विसावा भाग लागतो. त्यामुळे एलईडी दिव्यांखाली आवाज न करणारा शटर वापरला की चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात. मार्गळी महिन्यातल्या एका कच्चेरीत आम्ही ते पाहिले. (तमिळमध्ये कच्चेरी म्हणजे गायनाची बैठक. आमच्या कचेरीत तसले काही होत नाही.)

भिंगांनी मात्र आमचे दोन महिने खाल्ले. शेजारच्या विभागातले एक तमिळ स्नेही या विषयातले जाणते. त्यांच्या सल्ल्याने आम्ही दोन भिंगे भाड्याने आणली आणि शोळिंगनल्लूरच्या आमच्या गच्चीवरून पाणथळीपलीकडच्या एका उंच इमारतीवर रोखली. दोन्हींची चित्रे ओल्या चुन्यासारखी विरघळलेली! "सार, दुपारी नको. भिंग चांगलं आहे, हवा हलते आहे," स्नेही म्हणाले. तापलेल्या पाण्यावरची हवा दूरच्या चित्राला थरथरविते. जगातले सर्वांत महाग भिंगही तिच्यापुढे हरते. पहाटे पुन्हा पाहिले तेव्हा खिडक्यांचे गज मोजता आले. रात्री जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरचे दिवे चौकटीच्या कोपऱ्यात घेतले. स्वस्त भिंगात प्रत्येक दिव्याला पाखरासारखे पंख फुटले, महागात तो दिवाच राहिला. विटांच्या भिंतीसमोर उभे राहून चारही कोपरे सारखे आहेत की नाहीत तेही पाहिले. समुद्र जवळ असल्याने काचेला बुरशी धरते, म्हणून सिलिका जेल घातलेल्या डब्याचा खर्च तक्त्यात मिळविला.

तक्त्याप्रमाणे महाग भिंग उघड उघड सरस होते. परंतु कंपन्या जे आलेख छापतात ते आम्ही त्या रात्री प्रथमच नीट वाचले. मिलिमीटरला दहा आणि तीस अशा काळ्या-पांढऱ्या रेघा भिंगातून गेल्यावर त्यांचा काळेपणा-पांढरेपणा किती उरतो, याचे ते आलेख. (पुष्कळदा हे आकडे प्रत्यक्ष काचेवर मोजलेले नसतात, संगणकाने काढलेले असतात.) तीस रेघांची वक्ररेषा बारीक तपशील सांगते. महाग भिंग जिंकत होते ते तीस रेघांत, आणि तेही कोपऱ्यांकडे. दहा रेघा ठसठशीतपणा सांगतात: नाक कोठे संपते, गाल कोठे सुरू होतो. तिथे दोन्ही भिंगे जवळजवळ एकावर एक होती.

आईचा डोळा तीस रेघांचा उरलेला नाही. पापणीचा केस तिला दिसावयाचा नाही, कितीही पैसे मोजले तरी. तिला ठळक उजेड आणि ठळक सावली हवी. आम्ही महाग भिंगाच्या रकान्यावर काट मारली. 24 मेगापिक्सेलचा वापरलेला कॅमेरा आणि 50 मिलिमीटरचे साधे भिंग घेतले. उरलेले पैसे मोठ्या छपाईसाठी बाजूला ठेवले. त्या निर्णयाने सौभाग्यवती प्रसन्न झाल्या. आम्ही थोडे खिन्न होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही; ते पंख न फुटलेले दिवे अजून आठवतात.

सकाळच्या तिरप्या उन्हात, दाराच्या काळ्या फरशीवर कन्येला बसवून पहिला फोटो काढला. छापून वाईला पाठविला. आठवड्याने दादाने फोन लावून आईकडे दिला.

"अरे, खाली कडेला रांगोळी कुणी काढली आहे?"

शेजारच्या मामींचा कोलम होता तो. आम्ही तसे सांगितले. मग पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. ती मान वाकडी करून, फोटो उजेडाकडे धरून पाहत होती, असे दादाने मागाहून सांगितले.

"पुढचा दात पडलाय की रे हिचा! आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही."