भट्टीवाल्याची चिमूट

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या लहानपणी बेळगावात बेकऱ्यांच्या दारात पत्र्याच्या डब्यांची रांग लागायची. मैदा, पिठीसाखर, डालडा, वेलदोड्याची पूड सगळं घरून न्यायचं आणि नंबर येईपर्यंत पायरीवर ताटकळत बसायचं. घरी परतताना नानकटाईचा डबा मांडीला गरम लागायचा. सामान सगळं आपलं, फक्त एक चिमूट बेकरीवाल्याची. ती काय असते, हे आईनं कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

लग्न होऊन निपाणीला आले, घरात ओव्हन आला, आणि ती चिमूट आमच्या गळ्यात पडली.

सासूबाईंना घरात सगळेच अव्वा म्हणतात. माहेर चिकोडीकडचं, बोलणं कन्नड, भांडणं मात्र मराठीत. गेल्या श्रावणात नातीच्या वाढदिवसाला त्यांनी हौसेनं स्वतः केक करायला घेतला. झाला काळपट, आणि चवीला साबणासारखा. एक घास खाऊन त्या म्हणाल्या, "सोडा जास्ती आगेद." मुलं हसली. मीही हसले, हे कबूल करते. त्या दिवसापासून अव्वांनी ओव्हनकडं पाठ फिरवली.

चूक माझी होती. खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर मी सारख्याच दोन बाटल्यांत भरून ठेवली होती, चिठ्ठी न लावता. आमच्याकडं दोन्हींना 'सोडा'च म्हणतात. एक भज्यांचा, एक केकचा. अव्वांनी दोन चमचे पावडरीच्या जागी दोन चमचे सोडा घातला.

दसऱ्याआधी एका शनिवारी बेळगावला माहेरी जायचं होतं, तेव्हा अव्वांना आग्रहानं बरोबर घेतलं. तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती करत एसटी बेळगावात शिरेपर्यंत त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. हे सामान निपाणीत मिळत नाही असं नाही. पण रविवार पेठेतल्या किराणा दुकानात ते सुटं मिळतं, हातात घेऊन बघता येतं, आणि दुकानदाराला दोन्ही भाषांत छळता येतं.

छळलंही. अव्वांनी "अडुगे सोडा" मागितला आणि लगेच विचारलं, मग पावडर वेगळी कशाला? तो हसून माझ्याकडं बघू लागला. मी शिकवते ते दुसरंच काही, पण वर्गातल्यासारखंच सांगावं लागलं. नुसत्या सोड्याला फुलायला आंबट लागतं : दही, ताक, लिंबू, नाहीतर गूळ. आंबट कमी पडलं की उरलेला सोडा साबणासारखा लागतो. पावडरीत सोडा असतोच, पण जोडीला कोरडं आम्ल आणि थोडं कॉर्नफ्लोअर असतं, म्हणून ती सौम्य. एका वाटी मैद्याला चमचाभर पावडर चालते, तिथं सोडा पाव चमचा पुरे. १८४३ साली इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषध दुकानदारानं ही पावडर बनवली ती बायकोसाठी. तिला यीस्ट सोसत नव्हतं. हे ऐकून अव्वा पहिल्यांदा हसल्या. "गंडा छलो इद्द," म्हणाल्या.

मग खरेदी भराभर झाली. मैदा दोनच किलो. आपल्याकडच्या पावसात जास्त घेतला की गुठळ्या होतात आणि सोंडे लागतात. पावडरीचा लहानच डबा घेतला, कारण ती उघडल्यावर सहा-आठ महिन्यांत मरते. जिवंत आहे का ते बघायला चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकावी. फसफसली तर ठीक. सोड्यावर लिंबू पिळायचं. कोको पन्नास ग्रॅम, व्हॅनिलाची छोटी बाटली. यीस्टचं पाकीट मी उचललं तर अव्वांनी परत ठेवलं. पाव कोण करणार? बरोबरच होतं. पिठीसाखर घरीच दळायची. डालडा घेतला नाही. २०२२ पासून सरकारनं ट्रान्स फॅट दोन टक्क्यांवर आणलंय खरं, पण घरात तूप असताना कशाला? लोणी मात्र नानकटाईला नको, त्यात ताकाचा अंश राहतो आणि खुसखुशीतपणा जातो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, अव्वांनी बसमध्ये येताना सांगितलं. त्यांनीही चिकोडीच्या भट्टीबाहेर रात्री काढल्यात, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

घरी आल्यावर सगळं घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरलं. चिठ्ठ्यांवर मी मराठीत लिहिलं, खाली अव्वांनी कन्नडमध्ये. पावडरीच्या बरणीवर त्यांनी 'केक' लिहिलं, सोड्याच्या बरणीवर 'भजी', आणि वर तांबडी रेघ ओढली.

रविवारी दुपारी मी पेपर तपासत होते. स्वयंपाकघरातून तूप आणि साखर फेसल्याचा आवाज आला. एक वाटी मैदा, अर्धी वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी तूप, वेलदोडा. अव्वांनी मला हाक मारली ती फक्त ओव्हनचं बटण एकशे सत्तरवर फिरवायला. चिमूट त्यांनी स्वतः घातली, बरणी दोनदा वाचून.