अंगठ्याखालचे नाव

भाऊबीजेच्या रात्री आमच्या मूलच्या घरी पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. त्यातला इस्पिकचा गुलाम केव्हाच हरवला; त्याच्या जागी एका जोकराला बढती मिळालेली आहे. आई, ताई, मुले आणि मी असे सगळे चटईवर बसून बदाम-सात खेळतो आणि हिशेब चिंचोक्यांत ठेवतो. २०२३च्या भाऊबीजेला मात्र एक गडी कमी पडला. आरमोरीहून ताईबरोबर आलेला माझा भाचा, जो पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो, खांबाला टेकून मोबाईलवर काहीतरी खेळून राहिला होता.

"एकटा काय खेळतोस रे? इकडे ये."

"एकटा कुठे, मामाजी? सहा जण आहोत न टेबलावर."

मी चष्मा सावरून डोकावलो. खेळ पोकरचा होता. पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा परदेशी जाऊन शिकून आलेला थोरला भाऊ. प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते झाकलेले, मध्ये पाच पत्ते उघडे, आणि या सातांतून ज्याची पाच पत्त्यांची जुळणी सरस, त्याचा डाव. पण पत्ते दाखवण्याची पाळी येण्यापूर्वीच पैसे वाढवून इतरांना पळवून लावता येते. समोरासमोर बसले की माणसाचा चेहरा वाचता येतो. इथे चेहरेच नव्हते. हिरव्या गोल टेबलाभोवती नुसती नावे बसली होती, आणि तीही आईबापांनी ठेवलेली नव्हेत, ज्याने त्याने स्वतःच घेतलेली: डॉन, लकी, मटकासुर ९९, चंद्रपूरचा राजा, आणि एक चक्क आजीबाई.

नावे पाहिली आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. जून महिन्यात नव्या वर्गात शिरलो की वह्यांच्या पुठ्ठ्यांवरून मी मुले ओळखतो. तीन रंगांच्या शाईने, वेलबुट्टी काढून ज्याने नाव घातले आहे, त्याची वही बहुधा आत कोरी असते! तोच ठोकताळा मी इथे लावला. म्हटले, "हा राजा कच्चा आहे बघ. ज्याला राज्य आहे तो पाटी लावून हिंडत नाही. मटकासुराच्या शेपटीला ९९ आहे. ते त्याचे जन्मसाल तरी असेल, नाहीतर हवे ते नाव आधीच कोणी पटकावल्यामुळे आकडा जोडावा लागला असेल. म्हणजे तरुण, नाहीतर उतावळा. आणि लकी तर नशिबावर हवाला ठेवून बसलेला!"

गंमत अशी, की तासाभरात राजा आणि मटकासुर दोघेही उताणे पडले. भाच्याने माझ्याकडे आदराने पाहिले. आणि आदराने पाहिले की मास्तर लोकांना व्याख्यान सुचते. मी त्याला सांगितले, आपले कवीच पाहा. कृष्णाजी केशव दामल्यांनी नाव घेतले केशवसुत, म्हणजे केशवाचा मुलगा. शिरवाडकर झाले कुसुमाग्रज, कुसुमचा थोरला भाऊ. गुप्त्यांनी तर 'बी' या एकाच अक्षरावर भागवले. ठोमऱ्यांना बालकवी ही पदवी मिळाली ती लोकांकडून. ज्याच्या हाती कसब आहे तो नात्याचे नाव घेतो, मोठेपणाचे घेत नाही.

"मग ही आजीबाई?" त्याने विचारले.

आता इथे माझ्याच सिद्धान्ताप्रमाणे मी सावध व्हायला हवे होते. नाव नात्याचे होते, साधे होते. पण मी रंगात आलो होतो. म्हणालो, "अरे, कोणी घरबसल्या वेळ घालवणारी बाई असेल. खेळ हिच्याशी खुशाल!"

दुसऱ्या दिवशी ताई आणि भाचा गेले. ओवाळणीच्या तबकात मी पाचशे एक रुपये घातले होते, आणि ते घालताना हात जरा ऐटीतच पुढे केला होता. आठ दिवसांनी भाच्याचा फोन आला. अकरा हजार गेले होते. बहुतेक सगळे आजीबाईच्या पदरात. ते खानावळीचे पैसे होते, भावजींनी धान विकून पाठवलेले.

त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास केला. नुकसान झाल्यावर अभ्यास करणे ही माझी जुनी सवय आहे. तेव्हा कळले, की मी ज्याला माझा शोध समजत होतो तो ठोकताळा त्या टेबलांवरच्या मुरलेल्या खेळाडूंना फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि त्याची किंमतही. अनोळखी गड्याबद्दल दुसरे काहीच माहीत नसते तेव्हा ते नाव पाहतात, पण पहिल्या दोनचार डावांपुरतेच. पुढे तो शंभरातले किती डाव खेळतो, किती सोडतो, कधी पैसे वाढवतो हे मोजतात. मोजून देणारी यंत्रणाही असते. कसब दिसते ते या हिशेबात. आणि नाव वाचले जाते हे ज्याला माहीत आहे, तो नावाचेच आमिष करतो. काही कंपन्यांनी तर टेबलावरची नावेच काढून टाकली, का, तर जाणत्यांनी नेणत्यांना ओळखून त्यांची पाठ धरू नये म्हणून.

मुख्य म्हणजे नाव फसवते ते दोन्ही बाजूंनी. २००३ साली पोकरची जागतिक स्पर्धा एका हौशी अमेरिकन हिशेबनीसाने जिंकली. ८६ डॉलर भरून तो ऑनलाइन पात्रताफेरीत शिरला होता आणि २५ लाख डॉलर घेऊन उठला. त्याचे नाव ख्रिस मनीमेकर, म्हणजे पैसे करणारा! बढाईखोर टोपणनाव म्हणून मी याला पहिल्याच फेरीत बाद केले असते. पण ते त्याचे खरेखुरे आडनाव. दुसरा स्वीडनचा तरुण, व्हिक्टर ब्लोम. २००९ साली 'इसिल्डुर १' या नावाने त्याने भल्याभल्यांना घाम फोडला, लाखो डॉलर जिंकले आणि लाखो घालवलेही. हा कोण, हे जगाला २०११ साली कळले. टॉल्कीनच्या कथेतला इसिल्डुर म्हणजे अनर्थकारी अंगठी हाती असून ती आगीत टाकू न शकलेला राजपुत्र. ब्लोमने हे नाव काय विचार करून घेतले कोण जाणे, पण ते वाचून माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला आणि मी भाच्याला फोन लावला.

"काय रे, तुझे नाव काय होते तिथे?"

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "परतफेड."

त्या रात्री मी पाच नावे वाचली होती. सहावे पडद्याच्या तळाशी होते, त्याच्या अंगठ्याखाली. तो गणपतीपासून हरत होता. गेलेले परत मिळवायचे एवढ्याचसाठी नवे नाव घेऊन बसला होता, आणि शेजारी बसून मी त्याला कवींची टोपणनावे सांगत होतो! नावावरून माणूस किती चांगला खेळतो ते कळत नाही. पण तो कशासाठी बसला आहे, आणि त्याला उठणे का जमणार नाही, हे कधी कधी स्पष्ट लिहिलेले असते.

आमच्या ताडोब्यातल्या वाघांनाही नावे असतात. मटकासुर हे मुळात एका वाघाचेच नाव. माया म्हणून गाजलेली वाघीण वनखात्याच्या दप्तरी नुसती टी-१२. वाघाला बिचाऱ्याला आपले नाव ठाऊक नसते. त्यामुळे सांबर निसटले तर नावाला बट्टा लागला म्हणून तो त्याच सांबरामागे रात्रभर धावत नाही. पाणी पितो आणि झोपतो.

अकरा हजार मी द्यायचे ठरवले. भाचा म्हणाला, "माझ्या खात्यात नका टाकू, मामाजी. खानावळवाल्यालाच पाठवा." या एका वाक्याने मला जरा धीर आला. आईला मात्र तूच सांग, एवढी अट मी घातली. त्याने होळीला सांगितले. ताई मला काही बोलली नाही. पुढच्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर हळूच म्हणाली, "तू मास्तर न रे? एवढे मोठे नाव समोर होते, तुला वाचता नाही आले?" मी तबकाकडे पाहत राहिलो.

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले होते, आणि कौशल्य की नशीब हा वाद त्यानंतर अनेक वर्षे चालला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, त्यात हा भेदच ठेवला नाही. शिक्षा ठेवली ती खेळवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नव्हे. कायदा वाचताना मला ती आजीबाई आठवली. कोण जाणे, ती खरोखरच कोणाची आजी असेल. आमची आईसुद्धा बदाम-सातमध्ये पोटच्या पोराला सत्ता अडवून ठेवते!

भाचा आता आमच्याबरोबर चटईवर बसतो. हिशेबाचा कागद आई त्याच्याकडेच देते. त्यावर तो नावे घालतो: आजी, आई, मामाजी. स्वतःच्या रकान्यावर काय लिहावे म्हणून गेल्या खेपेला तो क्षणभर थांबला, तेव्हा ताईने त्याला त्याच्या लहानपणच्या नावाने हाक मारली आणि म्हणाली, "लिही न रे, वाटून झाले पत्ते." त्याने तेच लिहिले. त्या रात्री तो सोळा चिंचोके हरला आणि नऊ वाजता जांभई देऊन झोपायला गेला.