एबी फॉर्म

ताईंना त्याने स्वतः फोन केला नाही, हे मला अजून डाचतं. तिकीट नाकारलं त्याहूनही जास्त.

ताई म्हणजे आमच्या प्रभागातल्या जुन्या कार्यकर्त्या, तो म्हणजे आमचा आमदार. नाव लिहीत नाही, शहरही राहू दे. 2017 ला चार सदस्यांच्या प्रभागातून नगरसेवक झाला तेव्हा चोविशीत होता. आमच्यात कुणीही उठून नागपूरचा दाखला द्यायचं : फडणवीस 1992 ला नगरसेवक, 1997 ला महापौर, 1999 ला आमदार. पक्ष कुठला का असेना, पालिकेतल्या प्रत्येक हुशार पोराला तीच वाट दिसते. विधानसभेला वयाची पंचविशी लागते, पालिकेला एकवीस चालतात; मधली वर्षं गटारं बघण्यात जातात. मी त्याच्या मतदार याद्या सांभाळायचो. दुबार नावं, घर बदललेले, लग्न होऊन गेलेल्या मुली, सगळं माझ्याकडे.

मार्च 2022 ला मुदत संपली आणि प्रशासक आला. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा. निवडणूक लांबतच गेली. त्याने ऑफिस चालू ठेवलं खरं, पण लक्ष विधानसभेकडे. तुंबलेली लाइन, गढूळ पाणी, बंद दिवे हे सारं ताईंनी ओढलं. ना पद, ना मानधन. क्षेत्रीय कार्यालयातला शिपाईसुद्धा त्यांना ओळखायचा, साहेब मात्र टाळायचे.

2024 ला त्याला तिकीट मिळालं तेही अगदी टोकाला. 29 ऑक्टोबर, धनत्रयोदशी. दुपारी तीनला मुदत संपणार आणि दीड वाजला तरी पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या एबी फॉर्मचा पत्ता नाही. तो गाडीत फोनकडे बघत बसलेला, ताई बाहेर उन्हात उभ्या. काच खाली करून म्हणाला, "ताई, उद्या माझ्या हातात आलं ना, तर कुणाला असं ताटकळत ठेवणार नाही." मी तिथेच होतो. फॉर्म आला, अर्ज गेला, 23 नोव्हेंबरला गुलाल उडाला.

मग 30 डिसेंबर 2025, पालिकेच्या अर्जांचा शेवटचा दिवस. ताईंची फाइल आठवडाभर आधीच तयार : शपथपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, सूचक, अनुमोदक. आदल्या रात्री विचारलं तर त्याचा पीए म्हणाला, "यादी वरून येतेय." सकाळी विचारलं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." साडेअकराला रांगेतल्याच एका उमेदवाराकडून कळलं की फॉर्म आमदारांच्या भावजयीच्या नावाने निघालाय आणि त्यांचा अर्ज भरूनही झालाय. भावजय! जिने प्रभागातली एक गल्ली पायी पाहिलेली नाही.

ताई तरी तीनपर्यंत तिथेच थांबल्या. कुणी म्हणालं, अपक्ष भरा. त्या म्हणाल्या, "आणि घरोघरी चिन्ह कुठलं सांगू? इतकी वर्षं यांचंच सांगत आले." फोन टेबलावर उलटा ठेवला होता. वाजला की सरळ करायच्या. त्याचा नव्हता. एकदा बँकेचा होता, एकदा मुलाचा.

वरून नाव आलं, असं तो नंतर मला म्हणाला. वर म्हणजे कोण, हे विचारायची सोय नसते. माझं स्पष्ट मत आहे : वर्षाला पाच कोटींचा आमदारनिधी हातात असताना प्रभागही घरातच कशाला हवा? विधानसभेत कायदे करावेत, पालिकेतलं पालिकेवर सोडावं. तरुण कार्यकर्त्यांना सांगतो, याद्या सांभाळा, लोकांची कामं करा, पण पोटापाण्याचा धंदा सोडू नका आणि भरवशावर फाइल तयार करू नका.

हे सगळं म्हणूनही 15 जानेवारीला मी बूथबाहेर टेबल टाकून भावजयीच्याच पॅनलच्या चिठ्ठ्या वाटत होतो. पॅनल निवडून आलं.

आणि आता पंचाईत अशी की बाई कामाच्या निघाल्या. आमच्या मागच्या गल्लीतली पाण्याची लाइन, जिच्यासाठी ताईंनी प्रशासकाच्या काळात अर्जांची चळत लावली होती, ती त्यांनी बदलून घेतली. दीर आमदार असल्यावर अभियंता फोन उचलणारच. ताई निवडून आल्या असत्या तर झाली असती का? मला वाटतं, नसती. मग माझा राग नेमका कशावर, हे बायको विचारते तेव्हा मी विषय बदलतो. ताई हल्ली त्याच्या ऑफिसात येत नाहीत. वस्तीतल्या बायकांचे अर्ज मात्र अजून त्याच लिहून देतात, आणि वर पत्ता नगरसेविकेचा घालतात.