बटण त्याच्या हातात द्या

ती. सौ. वहिनींस,


तुमचं पत्र पोचलं. मिक्सर लावला की कान दाबून किंचाळत पळणारा भाचा स्वतः मात्र डब्यावर पळी बडवत तासभर रमतो, म्हणून घरात सगळे त्याला नाटकी ठरवतात, हे वाचून फार वाईट वाटलं. असंच वागणं बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली नोंदवून ठेवलं आहे.

स्वमग्नतेवरच्या त्या पहिल्या मोठ्या लेखात अकरा मुलं आहेत. व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहतं पाणी, अंडी फेटायचं यंत्र, कधी तर नुसता वारासुद्धा त्यांची घाबरगुंडी उडवी. तीच मुलं स्वतः मात्र तेवढाच गोंगाट मजेत करत! कॅनर यांच्या मते त्रास आवाजाचा नव्हताच, तो न विचारता आत घुसतो याचा होता. पुढे अशी मुलं मोठी होऊन बोलू-लिहू लागली, तेव्हा आवाजानं खरोखर वेदना होतात हेही कळलं. पण कॅनर यांचं निरीक्षण खोटं नाही. आवाज कधी येणार आणि कधी थांबणार हे ज्याच्या हातात असतं, त्याला तो सोसतो.

अशाच मोठ्या होऊन लिहू लागलेल्या टेंपल ग्रँडिन यांचंच पाहा. जन्म १९४७चा, अमेरिकेतला. शाळेची घंटा त्यांना दाताच्या नसेवर फिरणाऱ्या ड्रिलसारखी वाटे आणि खरखरीत पेटीकोट अंग सोलून काढी. कुणी कवटाळलं की त्या आक्रसून जात, आणि तरीही अंगावर घट्ट दाब हवाहवासा वाटे. ॲरिझोनात मावशीच्या रँचवर लस टोचताना गुरांना दोन बाजूंनी दाबून धरणारा सांगाडा त्यांनी पाहिला. त्यात काही जनावरं शांत होत. मग त्या स्वतःच त्यात शिरल्या, आणि नंतर तसंच यंत्र माणसासाठी बनवलं. दाब किती हवा, कधी सोडायचा, हे आत बसलेल्या माणसानंच ठरवायचं! १९९२ साली त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. कोलोरॅडोतल्या विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक म्हणूनही नाव कमावलं. मिठी नको आणि दाब हवा, यात मला तरी काही विसंगत दिसत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी १९७२च्या पुस्तकात संवेदनांच्या या विषयाची नीट मांडणी केली. कान-डोळ्यांइतकंच महत्त्व त्यांनी शरीराचा तोल आणि सांधे-स्नायूंकडून येणाऱ्या जाणिवेला दिलं. काही मुलांना सगळंच जास्त जाणवतं. काहींना इतकं कमी, की गुडघा फुटला तरी पत्ता नसतो, ती गरगर फिरत राहतात, शर्टाची कॉलर चावून ओली करतात. एकाच मुलात दोन्ही सापडतं.

मात्र कुणी घाईनं ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ असं नाव चिकटवलं तर थांबा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या निदानसूचीत तो स्वतंत्र विकार नाही. संवेदनांना तीव्र किंवा अगदी थोडा प्रतिसाद हे तिथं स्वमग्नतेचं एक लक्षण आहे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१२ साली सांगितलं, की एवढ्यावर निदान करू नका. स्वमग्नता, अवधान, चिंता, विकास हे सारं तपासा. मला ही सावधगिरी योग्य वाटते. ऑक्युपेशनल थेरपी सुरू केलीत, तर काही महिन्यांत घरातली नेमकी कुठली अडचण कमी व्हावी, हे थेरपिस्टशी आधी ठरवून घ्या.

तोवर मिक्सर लावण्याआधी त्याला सांगा. जमेल तेव्हा बटण त्यालाच दाबू द्या. शर्टाच्या मानेवरचं लेबल उसवून टाका. त्याच्या आजीला म्हणावं, मागून येऊन गाल कुरवाळू नकोस. समोर बसून हात पुढे कर, तो आला तर घट्ट धर.

आणि त्याचे कान व विकास यांची तपासणी दिवाळीच्या आधीच करून घ्या. फटाक्यांच्या त्या चार दिवसांत त्याला कसं सांभाळायचं, हेही तेव्हाच डॉक्टरांना विचारता येईल.

तुमची धाकटी वन्सं